दारू सोडणाऱ्याच्या पाठीशी कोण?

दारू वाईट आहे हे आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस सांगण्याकरिता आता कोणा उपदेशकाने यावे अशी स्थिती राहिलेली नाही. ज्याच्या घरची तांब्याभांडी गहाण पडली, ज्याची बैलजोडी बाजारात गेली, ज्याची पोर शाळेतून काढून खुरपणीला धाडावी लागली, त्याला दारूचे गुण पोथीतून शिकावे लागत नाहीत. पिणारासुद्धा ते जाणतो. पहाटे हात कापत असताना तो लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, आणि त्या वेळी ती मनापासून घेतो. तीच शपथ दिवेलागणीला मोडते. ती का मोडते, आणि ती टिकावी म्हणून आपण शेजाऱ्यांनी, भाऊबंदांनी, जातभाईंनी काय केले, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

एखाद्याने दारू सोडली म्हणजे गाव त्याच्याशी कसे वागते ते पाहा. पहिले चार दिवस थट्टा होते. “किती दिवस टिकतो ते बघू,” म्हणून पारावर पैजा लागतात. मग हळदीचा कार्यक्रम येतो, पोळा येतो, जत्रेचे बकरे पडते, कोणाच्या घरी नवा ट्रॅक्टर येतो. मयताच्या दहाव्यालासुद्धा आडोशाला बाटली फुटल्याशिवाय खांदेकऱ्यांचा मान राखला असे वाटत नाही. निवडणूक आली की उमेदवाराच्या खर्चाने रात्री जागतात. अशा प्रत्येक ठिकाणी त्या माणसाच्या हातात पेला देणारा कोणी वैरी नसतो. तो त्याचा मेहुणा असतो, चुलतभाऊ असतो, एका मागावर काम करणारा सोबती असतो. “एका घोटाने काय होते?”, “बायकोला भितोस काय?” असे म्हणून तो प्रेमाने पाजतो. आणि तोच माणूस पुन्हा गटारात पडला म्हणजे “याच्या नशिबातच ते आहे” असे म्हणणारेही हेच! ज्या हातांनी पाजले त्याच हातांनी बोट दाखवावे, यापरता अन्याय कोणता?

शूद्रातिशूद्रांच्या रक्तातच दारू आहे, असे कित्येक शहाणे लोक उघड किंवा आडून म्हणतात. हे म्हणणे खोटे आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो बंद दाराआड, गार खोलीत पितो व मोटारीतून घरी जातो. आमचा गडी रस्त्यावर पितो व रस्त्यावर पडतो, म्हणून तेवढा तो दिसतो. शिवाय त्याच्या वाट्याला येणारी दारूही पुष्कळदा विषच असते. २०१५ सालच्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात हातभट्टीची विषारी दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. ती सारी हातावर पोट असलेली होती.

ही दारू आमच्या दाराशी आली कशी, याचाही थोडा विचार व्हावा. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्याकरिता आबकारीचा कायदा केला. ताडाचे झाड असो की मोहाचे फूल, त्यांवर सरकारचा हात पडला. मक्ते दिले गेले, आणि सरकारी उत्पन्नाकरिता दुकाने वाढत गेली. त्या काळी पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांस लेखी विरोध केला. गरिबांच्या शाळा, गरिबांचे पाणी व गरिबांची दारू हे तिन्ही प्रश्न एकाच माणसाने हाती घेतले, कारण ते तिन्ही एकाच चुलीभोवतीचे आहेत. इंग्रज गेला, परंतु तिजोरीची ती सवय गेली नाही. आजही महाराष्ट्र सरकारास दारूवरील करातून दरसाल हजारो कोटी रुपये मिळतात. त्यांतला मोठा भाग घाम गाळणाऱ्यांच्याच खिशातून जातो.

सरकारची जबाबदारी कोणती ते आम्ही पुढे सांगणारच आहो. त्याआधी आपल्या घरची गोष्ट बोलू.

पहिली गोष्ट अशी की, दारूची अटळ ओढ हा रोग आहे. हे आम्ही कोणाची कड घेण्याकरिता म्हणत नाही. जगातील वैद्यकशास्त्राने ते पारखून मान्य केलेले आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला इतका सरावतो की ती नसली म्हणजे त्याचा तोल जातो. म्हणून ज्याला दारूवाचून सकाळ निघत नाही अशा माणसाने एकाएकी, घरच्या घरी, कोंडून घेऊन दारू तोडू नये. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम फुटतो, झोप जाते. दुसऱ्या दिवसाच्या सुमारास फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात. यात माणूस दगावतोसुद्धा. गावात अशा वेळी “भूत लागले, करणी झाली” म्हणून देवऋषीकडे नेतात, अंगारा लावतात, झोडपून काढतात. ते भूत नव्हे. त्यास त्वरित दवाखान्यात नेले पाहिजे. तेथे योग्य औषध व ‘ब१’ जीवनसत्त्व मिळाल्यास हे आठ दिवस बहुधा सुखरूप पार पडतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घरच्या माणसांच्या दुःखावर पोट भरणारे पुष्कळ आहेत. कोणी माळ घालतो, कोणी ताईत बांधतो, कोणी “न सांगता भाजीत घाला” म्हणून पुड्या विकतो. या पुड्यांबद्दल आमच्या भगिनींस आम्ही कळकळीने सावध करतो. डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. ते पोटात असता माणूस दारू प्याला तर छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो, आणि प्रसंगी प्राणही जातो. असे औषध डॉक्टराने रोग्यास सर्व समजावून, त्याच्या संमतीने द्यावयाचे असते. चोरून दिलेल्या पुडीत काय आहे हे विकणारा सांगत नाही. पाचशे रुपये त्याचे, आणि जीव मात्र तुमच्या धन्याचा!

दवाखान्याने शरीरातील विष निघते. पण दवाखान्यातून माणूस परत त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच गुत्त्याच्या वाटेवर येतो. तेथे त्याला कोण सांभाळणार? या प्रश्नाचे एक उत्तर दूरच्या देशात सापडले, आणि ते आमच्या वाचकांस फार ओळखीचे वाटेल.

अमेरिकेत ओहायो प्रांतात अॅक्रन नावाचे गाव आहे. १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातील एक इसम धंद्याच्या कामाकरिता तेथे आला होता. दारूने त्याचे वाटोळे झाले होते, आणि काही महिन्यांपूर्वीच त्याने ती सोडली होती. हाती घेतलेले काम फसले. परक्या गावी, रिकाम्या खिशाने, दारूच्या दुकानाकडे पाय वळू लागले. त्या वेळी त्याला सुचले की, आता उपदेशकाकडे जाऊन उपयोग नाही, आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याला शोधले पाहिजे. शोध करता त्याला बॉब स्मिथ नावाचा एक शस्त्रवैद्य भेटला. तोही दारूत बुडालेला. दोघे काही तास बोलत बसले. एकाने दुसऱ्यास नावे ठेवली नाहीत, स्वतःचीच हकीकत सांगितली. दुसऱ्याची दारू सुटावी म्हणून झटताना पहिल्याची सुटलेली टिकली, आणि काही आठवड्यांत दुसऱ्याचीही सुटली. त्या वर्षीच्या १० जूनपासून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या मंडळाचा आरंभ धरतात. भारतात या मंडळाच्या सभा १९५७ पासून भरू लागल्या, आणि आज महाराष्ट्रात मराठीतूनही त्या भरतात.

या मंडळाची रीत पाहा. येथे फी नाही. बाहेरच्या कोणाची देणगी घेत नाहीत. जमलेल्या माणसांत पाच-दहा रुपये गोळा होतात, त्यांतून चहा व खोलीचे भाडे भागते. नाव-गाव-जात कोणी विचारीत नाही, आणि आत ऐकलेले बाहेर सांगावयाचे नाही. कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही. कालपर्यंत जो पीत होता तो उठून आपली गोष्ट सांगतो, आणि दहा वर्षे कोरडा राहिलेला माणूस ती मान खाली घालून ऐकतो. जन्मभराची शपथ येथे नाही. “आजचा दिवस पिणार नाही” एवढेच. उद्याचे उद्या. देवाचे नाव घेतात, पण तो देव ज्याला जसा समजेल तसा, त्याच्याकरिता पुजारी लागत नाही.

सत्यशोधकांच्या घरात वाढलेल्या माणसास यात नवे काय आहे? २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज निघाला तो याच तत्त्वावर की, निर्मिक व मनुष्य यांच्यामध्ये दलाल नको. आपले लग्न आपण लावावे, आपले दुःख आपण वाटून घ्यावे. मध्यस्थाची दक्षिणा वाचवणे हा त्यातला लहान लाभ होय. मोठा लाभ हा की, ज्याला जगाने हीन म्हटले तो आपल्याच पायावर उभा राहून दुसऱ्यास हात देण्याच्या योग्यतेचा होतो. दारू सोडलेल्या माणसाच्या बाबतीत हेच घडते. गुत्त्यातून उचलून आणावा लागणारा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्याला उचलायला जातो, तेव्हा त्याची गेलेली अब्रू परत येते. कोणाच्या उपदेशाने ती आली नसती. येथे एवढेच लक्षात ठेवावे की, डॉक्टर हा दलाल नव्हे. सुतार जसा आपल्या कामाचा जाणता तसा तो त्याच्या कामाचा जाणता आहे. त्याचे काम त्याला करू द्यावे, आणि आपले काम आपण करावे.

आपल्याकडेही हे काम झालेले आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी त्यास पैशाचे पाठबळ दिले. तेथे उपचार घेऊन बरे झालेले कित्येक जण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. पिणाऱ्यांच्या बायकांकरिता ‘सहचरी’ या नावाने वेगळी बैठक त्यांनी चालवली. हे फार योग्य झाले. नवरा पितो म्हणून गावात मान खाली घालून चालणारी बाई चार जणींत बसली म्हणजे तिला कळते की दोष तिचा नाही. “तू नीट वागली असतीस तर तो प्याला नसता” असे सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधी तिची आईही म्हणते. हे साफ खोटे आहे. आणि येथेच आम्ही हेही सांगून ठेवतो की, दारू हा रोग असला तरी बायकोला मारणे हा रोग नव्हे, तो गुन्हा आहे. रोग्याला सांभाळा म्हणजे मार खात राहा, असा आमच्या लिहिण्याचा अर्थ कोणी करू नये. तसेच पिणाऱ्या बायाही आहेत. त्या लाजेने दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांच्यावर दुप्पट थुंकणाऱ्या गावाने त्यांना दुप्पट आधार दिला पाहिजे.

आता जातीच्या पंगतीची गोष्ट. विदर्भातील शेणगावचे झिंगराजी जानोरकर जातीने परीट होते. दारूपायी ते भर वयात गेले, आणि त्यांचा लहानगा मुलगा आईबरोबर मामाच्या घरी दापुऱ्याला वाढला. तो मुलगा डेबू, म्हणजेच पुढचे गाडगेबाबा. पुढे डेबूला मुलगी झाली. बारशाला जातीची रीत दारूची व मटणाची होती. त्याने रीत मोडून गोडाचे जेवण घातले. आज हे लहान वाटेल, परंतु चार जातभाईंच्या डोळ्यांस डोळा भिडवून “माझ्या दारात दारू नाही” असे म्हणणे त्या काळी लहान नव्हते, आणि आजही नाही. बापाला ज्या रिवाजाने खाल्ले, त्या रिवाजालाच मुलाने हात घातला. पुढे जन्मभर कीर्तनांतून त्यांनी खेड्यापाड्यांस तेच सांगितले.

म्हणून आमच्या सूचना फार मोठ्या नाहीत. पैशाची किंवा परवानगीची वाट पाहावी लागेल अशी त्यांत एकही नाही.

प्रत्येक गावात, प्रत्येक पेठेत दारू सोडलेला निदान एक तरी माणूस असतो. त्याच्याकडे जाऊन म्हणा की, “दादा, आठवड्यातून एक तास बसू.” शाळेची पडवी चालेल, तालीम चालेल, बुद्धविहार चालेल, देवळाची ओसरी चालेल. मुंबईच्या गिरणी कामगारांस १८९० साली रविवारची सुटी मिळाली. त्या लढ्यात ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे अग्रभागी होते. त्या सुटीतला एक तास या कामी लागला तर ती सत्कारणी लागली असे होईल. बसणाऱ्यांत दोनच जण असले तरी चालेल. अॅक्रन गावीसुद्धा दोघेच होते.

लग्न, हळद, बारसे, वास्तू यांच्या निमंत्रणातच “आमच्याकडे दारू नाही” असे तोंडी सांगावे. ज्याने सोडली आहे त्याला कार्यात एकटे सोडू नये. एखाद्या भावाने त्याच्याजवळ बसावे, त्याच्याबरोबर जेवावे, त्याला घरी पोचवावे. मजुरीचा हप्ता मिळतो ती संध्याकाळ आणि आठवडी बाजाराचा दिवस हे त्याला सर्वांत कठीण. त्या दिवशी कोणी तरी त्याच्या सोबत चालावे. यंत्रमागाच्या गावी सोबत्यांनी, ऊसतोडीच्या टोळीत टोळीवाल्यांनी हे काम करावे. मुकादमाने मजुरीत दारू वाटली तर ती परत करावी.

आणि तो पुन्हा प्याला तर? पुष्कळ जण पुन्हा पितात. दुबार पेरणीची वेळ आली म्हणून कोणी शेतकरी रान विकून टाकीत नाही. पाऊस का हुकला ते पाहतो आणि पुन्हा तिफण धरतो. तसेच येथे. “गेला कामातून” असे न म्हणता, कोणत्या दिवशी, कोणाच्या संगतीत, कोणत्या दुःखाने पाय घसरला हे त्याच्याशी बसून शोधावे, आणि बैठकीची जागा त्याच्याकरिता रिकामी ठेवावी. जो परत येण्यास लाजतो त्याला घ्यायला जावे.

आता सरकारास दोन शब्द. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, देशात दारूच्या दुष्परिणामांमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ५.७ कोटी लोक आहेत. त्यांपैकी जे दारूच्या पुरते अधीन झाले आहेत त्यांच्यातील ३८ मध्ये फक्त एकास कसला तरी उपचार मिळाला, आणि दवाखान्यात राहून उपचार १८० मध्ये एकास मिळाला. दारूचे दुकान गावागावात, आणि उपचाराची खाट जिल्ह्याच्या गावीसुद्धा मुश्किलीने! ज्या तिजोरीत आमच्या माणसाचा पैसा जातो तिने तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या चार खाटा ठेवाव्या, ही भीक नव्हे, ती आमची मागणी आहे. आज निदान १४४४६ हा व्यसनमुक्तीचा व १४४१६ हा मनाच्या दुखण्याचा, असे दोन सरकारी फोन फुकट आहेत. ते आकडे चावडीवर व शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

दारूबंदीचा प्रश्न आम्ही विसरलो नाही. वर्धा जिल्ह्यात ती आहे, गडचिरोलीत बायांच्या व गावांच्या चळवळीने १९९३ साली ती आली. चंद्रपुरात २०१५ साली आली व २०२१ साली उठली. मतदान करून गावातील दुकान बंद पाडण्याचा मार्ग बायांना खुला आहे, आणि कित्येक गावांनी तो वापरून बाटली आडवी केली आहे. आम्ही त्यांचे अभिनंदन करतो. परंतु दुकान बंद झाले म्हणजे रोगी बरा झाला असे नव्हे. तो शेजारच्या गावाची वाट धरतो. कायद्याने दार लागते. आतल्या माणसाचा हात धरण्याचे काम कायदा करू शकत नाही, ते शेजाऱ्यालाच करावे लागते.

आमच्या जुन्या जातपंचायतींनी माणसास वाळीत टाकण्याचे काम मोठ्या हौसेने केले. पाणी बंद, विस्तव बंद, पंगत बंद. ज्या समाजात चारचौघांच्या शब्दाने एक माणूस एका रात्रीत परका होत असे, त्या समाजात चारचौघांच्या शब्दाने एक माणूस आपला होऊ शकणार नाही काय? होईल. येत्या रविवारी आपल्या आळीतील अशा एका घराची कडी वाजवा. त्याला काही सांगू नका. आधी त्याचे ऐका.